21 दिवस क्वारंटाइनचे 1,500 रुपये घेतले आणि नदीतले मासे पाठवले

13,450 रुपये गेले. सांगायची लाज वाटते, कारण जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाचा मासा सुस्तावला की मलाच हाक मारतात. अकरा वर्षं टँक सांभाळतोय, नवशिका नाही.

माल होता मिस केरळा, म्हणजे डेनिसन बार्ब हा शोभेचा मासा. 40 नग, 220 प्रमाणे 8,800. ट्रॅव्हल्सचं पार्सल 650. 'सिमेंटच्या टाक्यांतली पैदास, 21 दिवस क्वारंटाइन, सगळी औषधं झालेली' म्हणून वर 1,500. पैसे अर्थातच आधी. पिशवी उघडतानाचा व्हिडिओ पाठवला तरच गॅरंटी, म्हणून तोही काढला. 'सगळे जिवंत आलेत बरं का, एक नंबर,' असं त्यात बोललोसुद्धा.

आणि तिथंच, पिशवी उजेडाला धरल्यावर, चार-पाच माशांच्या पोटावर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसले. विकणाऱ्याला विचारलं. म्हणाला, 'दादा, वयात येताना पडतात.' मी ऐकलं! तो ठिपका म्हणजे कातडीत रुतलेली चपट्या कृमीची अळी, भोवती माशाचाच काळा रंग साचलेला. ही कृमी वाढते मासेखाऊ पक्ष्याच्या पोटात, तिथून गोगलगायीत, मग माशात. याच्या सिमेंटच्या टाकीत बगळे आणि गोगलगायी कुठून आल्या? हे मला माहीत होतं हो. पण नळाला चार दिवसांनी पाणी आलेलं, दुसरा टब भरायचा म्हणजे घरात भांडण. शिवाय क्वारंटाइनचे पैसे मोजलेच होते. सोडले थेट मोठ्या टँकमध्ये.

काळ्या ठिपक्यांनी काही केलं नाही, टँकमध्ये त्यांचं चक्र पुढं सरकतच नाही. मारलं दुसऱ्यांनी. नवव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. 26 नवे गेले, माझे जुने 9 गेले. भाची झुऑलॉजीला आहे. तिनं मेलेल्या माशाचा कल्ला मायक्रोस्कोपखाली धरला: चार डोळ्यांचे ठिपके असलेली डॅक्टिलोगायरस ही कल्ल्यातली कृमी, बशीसारखी गरगर फिरणारी एकपेशी ट्रायकोडिना. माशाच्या पंखावर अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ, निघाली ती वेगळीच. म्हणाली, 'मामा, एवढ्या जातींचे परजीवी एका लॉटवर? हे नदीतून उचललेत.' हा मासा केरळ-कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांचा, धोक्यातल्या जातींच्या यादीतला. हे यादीचं मला माहीत असतं तर घेतला नसता.

विकणाऱ्याला फोटो टाकले. 'बदली लॉट देतो, फक्त 2,500 पाठवा.' पाठवले. मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात हवालदार हसला. 'मासे मेले म्हणून तक्रार? रोज बाजारात मरतात की.' मी म्हटलं, फसवणूक आहे. तर म्हणे पार्सल तर मिळालं ना, जिवंत होतं हे तुम्हीच व्हिडिओत बोलताय. मत्स्य खात्यात गेलो, तिथले साहेब खायच्या माशांचं बघतात, शोभेच्यांचं नाही. मग कोण बघतं? 'अर्ज देऊन ठेवा.' दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला, पावणेचारला! 42 डिग्रीत तीन खेपा, रिक्षाचे 360 वेगळेच.

पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी सहा दिवसांनी केला. कुणी कितीही क्वारंटाइन सांगो, आपला टब वेगळा. प्राझिक्वांटेल, म्हणजे कृमींवरचं औषध, एकदा टाकून थांबू नका, डॅक्टिलोगायरसच्या अंड्यांवर ते चालत नाही. मीही एकदाच टाकलं होतं.

परवा एका मित्रानं व्हिडिओ पाठवला. नवा नंबर, नवं नाव, भाव 180. 'समाधानी ग्राहक, सोलापूर' असं लिहिलंय, आणि आवाज माझा.