दोन तारे, त्यातला एक अक्षरांच्या आकाराला

सेलिब्रिटींच्या बातम्यांचं हे ॲप मी सात महिने वापरलं. आधी चांगलं सांगते. अक्षरं मोठी करता येतात आणि मोठी केल्यावर मजकूर स्क्रीनबाहेर पळत नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना याचं मोल कळेल. जाहिराती आहेत, पण मधेच व्हिडिओ बोंबलत नाहीत. लग्नं, घटस्फोट, आपटलेले सिनेमे, यासाठी झकास. शाळेतून दमून आल्यावर दहा मिनिटं डोकं बाजूला काढून ठेवायला मला असंच काहीतरी हवं होतं.

मराठी मात्र यंत्राची. पहिल्याच आठवड्यात नोटिफिकेशन आलं: ‘प्रसिद्ध अभिनेता अखेर कपाटातून बाहेर’. मला वाटलं, बिचारा शूटिंगमध्ये अडकला की काय. उघडून बघते तर त्याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलेलं; इंग्रजीत याला ‘कमिंग आउट ऑफ द क्लोजेट’ म्हणतात, त्याचं हे शब्दशः भाषांतर. किट कॉनर या ब्रिटिश नटाच्या जुन्या बातमीत तर त्याला चक्क ‘उभयलिंगी’ करून टाकलंय. मी जीवशास्त्र शिकवते. उभयलिंगी गांडूळ असतं. एकाच शरीरात नर आणि मादी, दोघांची इंद्रियं. ज्याला स्त्री-पुरुष दोघांबद्दल आकर्षण वाटतं तो उभयलैंगिक. नववीतल्या मुलांचा मी यासाठी अर्धा गुण कापते.

पण त्या बातमीत शब्दापेक्षा मोठी गफलत आहे. मथळा: ‘किटने केला खुलासा’. कसला खुलासा! 2022 साली हा मुलगा 18 वर्षांचा. एका मालिकेत मुलाच्या प्रेमात पडणाऱ्या मुलाची भूमिका त्याने केली. पुढे एका अभिनेत्रीचा हात धरून चालताना त्याचे फोटो आले, आणि लोक तुटून पडले, की हा तसा नाहीच, आम्हाला फसवलं. तो ट्विटर सोडून गेला. ऑक्टोबरअखेर मिनिटभरासाठी परत येऊन त्याने लिहिलं की मी बायसेक्शुअल आहे, आणि 18 वर्षांच्या पोराकडून हे वदवून घेतल्याबद्दल तुमचं अभिनंदन. ॲपने टोमणा गाळलाय आणि अभिनंदन तेवढं ठेवलंय. खाली टाळ्यांचे इमोजी.

त्याच वर्षीचं ऑस्ट्रेलियन अभिनेत्री रेबेल विल्सनचं प्रकरणही इथे ‘गोड प्रेमकहाणी’ म्हणून सापडतं. ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने तिला कळवलं होतं की तुझ्या प्रेयसीबद्दल लिहितोय, अमुक वेळेपर्यंत उत्तर दे. तिने स्वतःच इन्स्टाग्रामवर जोडीदाराचा फोटो टाकला, तर बातमी हातची गेली म्हणून हा छापून रुसला. लोक खवळल्यावर तो मजकूर मागे घेऊन माफी मागायची वेळ आली. ॲपवर यातलं अक्षरही नाही.

आता ‘ओळखा पाहू’ हे सदर. नाव न घेता नटाचं असं वर्णन करायचं की शेंबड्या पोरालाही कळावं, आणि खाली कौल: तो गे आहे का? हो, नाही, किंवा ‘काहीतरी नक्की आहे’. हा तिसरा पर्याय ज्याने सुचवला त्याचं डोकं खरंच चालतं. समोरच्याने काहीही सांगितलं तरी दुकान चालू. अमेरिकन पियानोवादक लिबराचीने 1959 मध्ये, तो समलिंगी असल्याचं सुचवणाऱ्या ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वृत्तपत्रावरचा बदनामीचा खटला शपथेवर ‘नाही’ सांगून जिंकला, 8,000 पौंड भरपाई मिळवली. तेव्हा इंग्लंडात पुरुषांमधले असे संबंध गुन्हाच होते, दुसरं काय सांगणार? कुजबुज मात्र 1987 मध्ये तो जाईपर्यंत थांबली नाही.

एका रात्री मीही ‘हो’ दाबलं. झोप येत नव्हती, बोट चाललं, एवढंच. सकाळी मत मागे घ्यायला गेले तर तशी सोयच नाही. ‘माझ्या नोंदी’मध्ये ते तारखेसकट बसलंय आणि शेजारी इवलंसं कुलूप: ‘हे फक्त तुम्हालाच दिसेल.’

त्याच आठवड्यात नववीच्या मागच्या बाकांवर एक चिठ्ठी फिरत होती. असाच कौल, वर्गातल्याच एका मुलाच्या नावाने, अगदी तिसऱ्या पर्यायासकट. ज्याचं नाव होतं तो खाली मान घालून गांडुळाच्या आकृतीला नावं देत होता. एकच नाव, पुन्हा पुन्हा गिरवत. चिठ्ठी मी काढून घेतली. ओरडायला तोंड उघडलं आणि ते कुलूप आठवलं. ओरडले तरीही.

मग ॲपवाल्यांकडे दोन तक्रारी केल्या. ‘कपाटा’ची दोन दिवसांत मार्गी लागली, आभाराची मेलही आली. दुसरा तारा त्याचा. कौलाच्या तक्रारीसाठी आधी प्रकार निवडावा लागतो: अश्लील, हिंसक, जाहिरातबाजी, चुकीची माहिती. खासगी बाब असा प्रकारच नाही. म्हणून ‘चुकीची माहिती’ निवडलं, तर पुढची चौकट उघडली: ‘बरोबर माहिती काय आहे ते लिहा.’ ती भरल्याशिवाय तक्रार जात नाही.