बोदलेअर भावंडं: सिनेमा बघावा की मालिका?

लेमनी स्निकेटच्या ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ या 13 पुस्तकांतली तीन अनाथ भावंडं पडद्यावर दोनदा आली: 2004 च्या सिनेमात आणि 2017 ते 2019 दरम्यान नेटफ्लिक्सच्या मालिकेत.

सिनेमाने पहिली तीनच पुस्तकं घेतली आणि तीही ढवळून. पहिल्या पुस्तकातलं नाटकातल्या लग्नाचं कारस्थान थेट शेवटी नेलंय. कथा आटोपशीर झाली, पण नवे पालक, पुन्हा मुलांच्या संपत्तीवर डोळा ठेवून आलेला खलनायक ओलाफ, पुन्हा कुणाचाच विश्वास नाही, ही मुलांना छळणारी पुनरावृत्ती पातळ झाली. खरं तर गोष्टीतला काळा विनोद तिथेच आहे. मालिकेने शेवटचं सोडून प्रत्येक पुस्तकाला दोन भाग दिले, त्यामुळे मोठ्या माणसांच्या मठ्ठपणाचा वैताग नीट साचत जातो. कधीकधी जरा जास्तच. मधले काही भाग रेंगाळतात.

ओलाफ मात्र चुरशीचा. जिम कॅरी इतका धमाल करतो की त्याची भीतीच वाटेनाशी होते. नील पॅट्रिक हॅरिसचा ओलाफ सुमार नट आहे आणि त्याला ते कळत नाही, म्हणून तो जास्त धोकादायक वाटतो. निवेदकही मालिकेचाच सरस: सिनेमात जूड लॉ बहुतेक सावलीत टाइप करत बसतो, तर पॅट्रिक वॉरबर्टन सुतकी चेहऱ्याने प्रसंगातच येऊन उभा राहतो.

दृश्यांत सिनेमा पुढे. रंगभूषेचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर तो लावा. मुलं पुस्तकं वाचणारी असतील, तर मालिकाच.