सहा दिवस बंद पडलेली सेवा आणि परताव्यासाठीचा पाठपुरावा

आमच्या भागात रस्त्याच्या खोदकामात फायबर केबल तुटली आणि सलग सहा दिवस घरातील इंटरनेट बंद राहिले. केबल तुटणे हा कंपनीचा दोष नव्हे, आणि जोडणी दुरुस्त करणारे तंत्रज्ञ भर पावसात काम करत होते, याची मला मनापासून कदर आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या वागणुकीबद्दल. माझा मासिक प्लॅन ६०० रुपयांचा असून त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे सहा दिवसांचे १२० रुपये आणि करासह १४१ रुपये ६० पैसे परत मिळायला हवे होते. ग्राहक सेवा केंद्राने दोनदा केवळ दिलगिरी व्यक्त करून फोन ठेवला आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांकही (नोंदणी क्रमांक) मी आग्रहाने मागितल्यावरच दिला, जो प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहकाला न मागता मिळाला पाहिजे. नंतर १२० रुपये जमा झाले, पण कर वगळून. तेव्हा मी कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे लेखी अर्ज केला. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अशी दुसरी पायरी ठेवावी लागते आणि अपिलासाठी शुल्क लागत नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बंद पडल्याची तारीख, वेळ आणि राउटरवरील लाल दिव्याचे छायाचित्र जोडल्यामुळे उरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. वेगासाठी चार तारे, तक्रार निवारणासाठी एकच.