जुनी डिझेल गाडी घरीच दुरुस्त केली, अकरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बाबांची गाडी दीड वर्ष उभीच होती. चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, सगळं मेकॅनिकल. परत रस्त्यावर आणायची ठरवली तेव्हा आधी एका गॅरेजात दाखवली, तिथे पाच मिनिटांत निकाल लागला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, नाहीतर निदान डिझेलचा पंप तरी खोलावा लागेल. गेज लावून कुणी बघितलंच नाही. मला ते पटेना, कारण एकदा सुरू झाली की दिवसभर मस्त चालायची, चढावर ओढही होती, त्रास फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला. वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारायचा, मग खोकत खोकत पांढरा धूर सोडत चालू व्हायची.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्वची उघडझाप इंजिनच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा, बदलला, कारण तो कधीचा आहे हे कुणालाच आठवत नव्हतं आणि अशा इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात. मग हीटर प्लग. डिझेलला ठिणगी नसते, हवा वीस-बावीस पट दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं, पण इंजिन गार असताना ती उष्णता सिलिंडरचं लोखंडच ओढून घेतं, म्हणून सुरुवातीला आतून तापवायला हे प्लग लागतात. मल्टिमीटर लावला, चांगला प्लग एक ओमच्या आत दाखवतो, माझे चारपैकी दोन पूर्ण ओपन, म्हणजे आतून करंटच जात नव्हता. काढताना घाई करू नका हे कळकळीने सांगतो, प्लग आत तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. इंजिन गरम करून, गंज सोडवायचं तेल मारून, थोडं थोडं पुढे-मागे फिरवत काढले, शेवटच्याला तीन दिवस लागले. प्लग बाहेर होते तेव्हाच त्या भोकांतून कॉम्प्रेशन मोजून घेतलं, चारही सिलिंडरमध्ये दोन बारच्या आत फरक. म्हणजे ज्या इंजिनला भंगारात काढलं होतं ते ठणठणीत होतं!

नवे प्लग बसवल्यावर पांढरा धूर गेला पण सेल्फ अजून बराच वेळ मारावा लागायचा. खरा चोर इथे होता. फिल्टर आणि पंपाच्या मधे डिझेलला चालणारी पारदर्शक नळी टाकली, वीतभर लांब, आणि रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी बघतो तर नळी अर्धी रिकामी. बाबांना म्हटलं मारा सेल्फ, आणि वाकून बघत बसलो, आधी टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागे एक, मग एकदम बोटभर हवेचा तुकडा सरकला, मागून पिवळसर डिझेल आलं आणि ते पंपात पोचलं तशी गाडी सुरू. सिस्टीम एअर धरत होती, म्हणजे डिझेलच्या वाटेत कुठूनतरी हवा शिरत होती. हे पटकन सापडत नाही कारण टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग ओढीवर चालतो, तिथे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत शिरते, खालून कितीही टॉर्च मारला तरी सगळं कोरडं. हँड प्रायमरचं, म्हणजे हाताने डिझेल भरायच्या छोट्या पंपाचं, सील कडक झालं होतं आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवरच्या ओव्हरफ्लो पाईपांना (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना) केसासारख्या चिरा होत्या. जुन्या रबराला कमी सल्फरचं डिझेल मानवत नाही, सील आकसतात, त्यामुळे बदलताना व्हिटॉनचेच (डिझेल सोसणाऱ्या रबराचे) घ्या.

एअर काढायची पद्धत सोपी आहे, प्रायमरने पंप भरायचा, इंजेक्टरकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळायचे. पण हे फक्त अशा जुन्या इंजिनांवर. कॉमन रेलला, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनांच्या इंधन सिस्टीमला, चुकूनही हात लावू नका, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं. जुन्यातही इंजेक्टरच्या नोजलच्या (टोकाच्या) फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही, डिझेल कातडीच्या आत घुसतं, जखम टिचभर दिसली तरी तडक हॉस्पिटल.

एक चूक झाली तीही सांगतो. इंजेक्टर काढले तेव्हा खालचे तांब्याचे वायसर जुनेच परत टाकले, आठवड्यात फुसफुस आवाज आणि भोवती डांबरासारखं काळं. ते वायसर एकदा दाबले की संपले, दर वेळी नवेच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्ववरची बारीक फट, गार इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट केले, आवाज बराच मऊ झाला. ऑइल बदललं की दुसऱ्या दिवशी काळं दिसतं, डिझेलमध्ये ते काजळीमुळे होतंच, घाबरू नका.

गाडी टिकवायची तर पाणी हाच मोठा शत्रू. फिल्टरखालच्या स्क्रूने महिन्यातून एकदा पाणी काढतो, जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, नाहीतर रिकाम्या जागेत दव धरतं आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात बुरशीसारखी घाण वाढते, तीच मग फिल्टर चोक करते. दाराच्या खालची भोकं पानांच्या चिखलाने बुजली होती, एका दारातून तर कपभर पाणी निघालं, तिथूनच पत्रा सडायला लागलेला. भोकं मोकळी करून आतून वॅक्स मारलं. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी पळवतो, जागेवर चालू ठेवून काही होत नाही, इंजिन नीट तापतच नाही.

नऊ हजार किलोमीटर झाले. ही गाडी नव्या गाडीइतकी स्वच्छ नाही आणि ओव्हरटेकला जीव लागतो, रोज गर्दीतून लांब जाणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. पण सकाळी दोन सेकंदांत सुरू होते. उजव्या बाजूच्या पत्र्याचं वेल्डिंग बाकी आहे, ते मला येत नाही, जाणकाराकडून करून घेणार. पारदर्शक नळी अजून तशीच ठेवलीय, बॉनेट उघडलं की पहिली नजर तिच्यावरच जाते, सात महिने झाले, काठोकाठ डिझेल, एक बुडबुडा नाही.