टॉर्शन बारचा बोल्ट दोनदा फिरवला, त्यानंतरचे अकरा महिने

आमची डबल कॅब फोर बाय फोर पिकअप गेल्या वर्षी पुढून बसायला लागली. कारण उघड होतं. पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र) बसवली होती, दोन्ही मिळून पाऊणशे किलोच्या घरात. शेत गगनबावड्याच्या बाजूला आणि पावसाळ्यात पाणंद म्हणजे नुसता राडा, त्यामुळं विंच काढायचा प्रश्नच नव्हता. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली तर डावीकडं 49 सेंटिमीटर, ड्रायव्हरच्या बाजूला 47.5. तुम्हीही मोजणार असाल तर इथूनच मोजा. जमिनीपासून मोजलं की टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी आकडा बदलतो.

या गाडीला पुढं कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. सुमो-सफारी वापरलेल्यांना हा प्रकार नवा नाही. चासीला समांतर जाणारी स्प्रिंग स्टीलची लांब सळई, पुढचं टोक चाक धरणाऱ्या आर्मला आणि मागचं टोक क्रॉस मेंबरमधल्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीतल्या छोट्या लिव्हरला. चाक वर गेलं की सळईला पीळ बसतो, हीच तिची स्प्रिंग. लिव्हरचा बोल्ट आवळला की गाडी वर उठते. काम एवढं सोपं दिसतं, म्हणूनच मी फसलो.

पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये गेलो. तिथं दोन्ही बोल्ट नऊ-नऊ फेरे आवळून दिले. उंची झाली 53. गाडी काय दिसायची! रंकाळ्यावर लावली की पोरं थांबून बघायची. पण दुसऱ्याच दिवशी स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘खाट’ असा आवाज आला आणि मग तो रोजचाच झाला. करूळ घाटातल्या खराब पट्ट्यात तर पुढची चाकं रस्ता सोडून उड्या मारल्यासारखी वाटायची, स्टीअरिंग हातात धरवत नव्हतं. चौथ्या महिन्यात उजव्या एक्सलचा बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी कव्हर, फाटलं, रिमच्या आतून सगळं ग्रीस उडालेलं. टायरवरून बाहेरून आत हात फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं लागायचं.

माझा समज असा होता की बोल्ट आवळला की स्प्रिंग कडक होते आणि बंपरचं वजन पेलते. तसं होत नाही. सळईचा कडकपणा तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. जाडी 10 टक्के वाढली तर कडकपणा 46 टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. बोल्टनं फक्त उभं राहण्याची उंची बदलते. आणि जेवढी गाडी वर जाईल तेवढी चाकाला खाली उतरायची जागा कमी होते. माझ्या गाडीचा वरचा आर्म उभ्या गाडीतच, चाक जास्त खाली उतरू नये म्हणून बसवलेल्या रबराला टेकलेला होता. खड्डा आला की चाक खाली जाणार कुठं? ‘खाट’ आवाज तोच. शिवाय एक्सलचा कोन तिरका झालेला, आणि आमच्या गाडीला फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सुटी करणारे हब) नसल्यानं टू व्हील ड्राइव्हमध्ये चालवतानाही एक्सल फिरतच राहतात. बूट फाटायला चार महिने लागले, हेच नशीब.

मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी टेप काढलीच नाही. आधी फेंडरमध्ये हात घातला, आर्म आणि रबर यांच्यात बोट सरकवायला बघितलं, शिरलं नाही. म्हणाले, “पावणं, गाडी किती उचलायची ते नंतर. आधी चाक खाली किती उतरतंय ते बघूया.”

अर्धा दिवस त्यांच्याशेजारी बसून बघितलं. चासीखाली घोड्या लावून दोन्ही चाकं लोंबती सोडली. गाडी जमिनीवर असताना बोल्टवर पूर्ण भार असतो, तशात पाना लावला तर आटे जातात. तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, तेल सोडलं, बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि अर्धा-अर्धा फेरा मोजत सैल करत आणलं. आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचे, बोल्टही ढिले केले. गाडी खाली उतरवून दहा फूट मागं-पुढं ढकलली, बंपरवर उभं राहून दाबली, मगच मोजली. नंतर त्याच उंचीवर बुशचे बोल्ट आवळले. हे कुणी करत नाही. लोंबत्या चाकावर आवळले तर रबराला कायमचा पीळ राहतो आणि बुश लवकर फाटतो. शेवटी दोन्हीकडं 50.5. उजवा बोल्ट डाव्यापेक्षा पाऊण फेरा जास्त लागला. रबरापाशी दोन बोटं जागा झाली.

त्याच दिवशी अलाइनमेंट केलं, टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बराच बिघडलेला निघाला. हेडलाइटचा झोतही खाली घेतला.

त्याला आता सात महिने झाले. चारशे किलोमीटरनंतर पुढचा भाग चार मिलिमीटर बसला, म्हणून बोल्ट अजून अर्धा फेरा आवळला आणि अलाइनमेंट पुन्हा तपासलं. आवाज पूर्ण गेला. पावसात लो रेंज (फोर बाय फोरचा जास्त ताकदीचा गिअर) लावून पाणंदीतून खताची पोती ओढली, पुढची चाकं खड्ड्यात उतरून जमीन धरून राहतात, पूर्वी एक चाक हवेतच फिरायचं. नवे बूट कोरडे आहेत. जोरात ब्रेक मारला की तोंड अजून खाली जातं, ते विंचच्या वजनामुळं. त्याला जाड बारच लागेल. बार बदलणाऱ्यांनी एवढं बघा, डावा-उजवा अदलाबदल करायचा नाही. ज्या दिशेनं पीळ बसणार त्यासाठीच तो तयार केलेला असतो, टोकावर खूण असते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो. ड्रायव्हरच्या दाराच्या आत मार्करनं 50.5 लिहून ठेवलंय. परवा उजवीकडं 50.3 आलं, डावीकडं जसंच्या तसं. अजून बोल्टला हात लावलेला नाही.