एसीएल रेस सिरीज रॉड बेअरिंग: माल दमदार, पण मोजूनच बसवा

टर्बो मोठा केला, बूस्ट चढवला, ताकद मूळ आकड्याच्या दुप्पट झाली की आधी मार खाणाऱ्या भागांत कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असतंच. अशा इंजिनांत एसीएल या बेअरिंग कंपनीची रेस सिरीज सर्रास टाकली जाते, आणि ती त्या लायकीची आहे. मात्र डब्यातून काढून थेट बसवायचा हा माल नव्हे.

बांधणी तीन थरांची: पोलादी पाठ, त्यावर तांबं-शिसं, आणि सगळ्यात वर मायक्रॉनमध्ये मोजावा लागणारा राखाडी मुलामा. नख जोरात ओढलं तरी ओरखडा दिसेल इतका तो मऊ. तेलातून आलेला बारीक कण त्यात रुतून बसावा, क्रँकला ओरबाडू नये, यासाठीच तो मऊ ठेवलेला असतो.

खरी करामत आकारात आहे. शेल, म्हणजे बेअरिंगचं अर्धगोल अर्धुक, मधोमध जाड असते आणि जोडाकडे, म्हणजे दोन अर्धुकं जिथे मिळतात तिथे, पातळ होत जाते. चढ्या आरपीएमला पिस्टन वर जाऊन परतताना रॉडला ताणतो, त्याचं मोठं भोक लांबट होतं आणि जोडापाशी क्रँकला आवळू पाहतं. तिथे जागा नसली की तेलाचा थर तुटतो. रेस सिरीजमध्ये ही जागा जास्त ठेवलेली आहे. म्हणून क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकमधली तेलाची फट) मोजायचा तो जोडाला ९० अंशांत. जोडापाशी मोजलात तर आकडा फसवा येईल.

आता साधा सेट घ्यायचा की एचएक्स, म्हणजे जास्त क्लिअरन्सचा? ढोबळ नियम असा: जर्नलच्या (बेअरिंग बसतं त्या क्रँकच्या गोल भागाच्या) व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), ताकद वाढवलेली असेल तर वर अर्धा थाऊ. ४८ मिमी जर्नलला हे साधारण ०.०६ मिमी होतं. साध्या सेटवर ०.०४० मिमी आला, तर एचएक्स एक थाऊ, म्हणजे ०.०२५ मिमी वाढवून ०.०६५ वर नेतो. एक अर्धुक साधं आणि एक एचएक्स घातलं की ०.०५२ च्या आसपास. ही भेसळ चालते; फक्त सगळ्या रॉडना एचएक्स एकाच बाजूला हवं. दोन कंपन्यांची अर्धुकं मात्र एकत्र करू नका.

मोजताना बोल्ट शेवटी आवळणार तितकेच, त्याच वंगणावर आवळा. शेलची पाठ आणि रॉडचं भोक कोरडं ठक्क हवं. असेंब्ली ल्यूब फक्त आतल्या बाजूला. प्लॅस्टिगेज (फटीत दाबून रुंदीवरून क्लिअरन्स मोजायची मऊ पट्टी) पडताळणीपुरतं ठीक, पण क्रँक जरा हलला की पट्टी फासली जाते. ०.०१ मिमीचा निर्णय त्यावर सोडू नये. बोअर गेज आणि मायक्रोमीटरच हवेत.

हे बेअरिंग चुकीचं ट्यूनिंग झाकत नाही. वरच्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमला पूर्ण बूस्ट दिला तर दाब प्रचंड आणि जर्नलची गती कमी, त्यामुळे तेलाचा थर पुरेसा जाड राहत नाही. डेटोनेशन (इंधनाचा अवेळी, धक्क्याने होणारा स्फोट) झालं तर रॉडच्या बाजूचं अर्धुक ठोकलं जातं, मुलाम्याला सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. मिश्रण फार रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असेल तर पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं.

उणी बाजूही आहे. जुनं, आम्लधर्मी झालेलं तेल शिशाला खातं, त्यामुळे तेल वेळेवर बदलणं आलंच. वाढवलेल्या क्लिअरन्सवर ०डब्ल्यू-२०सारखं पातळ तेल घातलं तर गरम इंजिनाचा प्रेशर खाली बसेल. १०डब्ल्यू-४० किंवा त्याहून जाड घ्या. स्टार्ट-स्टॉपवाल्या रोजच्या गाडीला ही निवड मी सुचवणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. पहिलं तेल बदलताना फिल्टर कापून घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडाचे कण. न चिकटणारे, तांबूस चमकणारे दिसले तर गाडी तिथेच थांबवून संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडा.