पहिली बुद्धिबळ स्पर्धा: एका दिवसाची रॅपिड की चार-पाच दिवसांची क्लासिकल?

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून दारव्हा-दिग्रसकडचे पालक भेटले की विचारतात, "सर, पोट्ट्याले आधी कोन्त्या स्पर्धेत टाकू?" त्या अंतिम सामन्यात भारताच्याच कोनेरू हम्पीशी दिव्याचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत लागला. म्हणजे पुढे जायचं तर दोन्ही यायलाच हवं. प्रश्न सुरुवातीचा आहे.

खर्चाचं आधी उरकतो. रॅपिड बहुधा रविवारी असते. यवतमाळ-अमरावतीला असली तर पहाटेची एसटी, सोबत डबा आणि रात्री घरी. क्लासिकलला नागपुरात मुक्काम करावा लागतो, घरातल्या एका मोठ्या माणसाचं तेवढ्या दिवसांचं काम बुडतं. कापूस वेचणीत हे जमत नाही, म्हणून ती सुटीतच धरा.

खरा फरक पोरगं हरल्यावर कळतो. रॅपिडमध्ये प्रत्येकाला साधारण दहा-पंधरा मिनिटं, वर चालीगणिक काही सेकंद. डाव संपला की थोड्याच वेळात पुढच्या फेरीची पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागते, डोळे पुसेपर्यंत घड्याळ सुरू. काही मुलं एक डाव गेला की दिवसभराच्या फेऱ्या घालवून बसतात. त्यांची तयारी घरीच करा. सलग तीन डाव खेळवा, पहिल्यात त्याचा वजीर आधीच काढून ठेवा. तो हरेल. मग घोटभर पाणी, पाच मिनिटं अंगणात, झालेल्या डावाबद्दल एक शब्दही नाही आणि लगेच दुसरा डाव. महिनाभर हे केलं की सावरायची सवय लागते.

क्लासिकलमध्ये दीड तास आणि चालीगणिक ३० सेकंद ही पद्धत बरीच चालते. डाव तीन-चार तासही जातो, चाली लिहाव्याच लागतात. इथे पराभव मुक्कामाला सोबत येतो. लॉजवर पोरगं छताकडे बघत पडून राहतं आणि बाप मोबाइलवर ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) व्हिडिओ लावतो. हे कृपा करून टाळा. लिहिलेला डाव पटावर एकदाच मांडा, डाव जिथून फिरला ती चाल त्यालाच शोधू द्या आणि वही मिटा. मग जेवण आणि झोप. हा निवांत अभ्यास रॅपिडमध्ये होत नाही, तिथे चाली लिहायची सक्ती नसते.

रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या, मागे आताच लागू नका. दोन्हींचं रेटिंग वेगळं असतं आणि पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. त्यापेक्षा घरचं "जाऊ दे, परत घे" आजपासून बंद करा. स्पर्धेत हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, आणि चूक परत घ्यायला मिळते ही सवय दोन्हीकडे नडते.

माझं मत विचाराल तर हरल्यावर कुढणाऱ्या मुलाला आधी जवळच्या दोन-तीन रॅपिड खेळवा, क्लासिकल त्यानंतरच्या सुटीत. हरलं तरी हसत बाहेर येणारं, पण हाताची घाई असलेलं मूल मात्र लवकर क्लासिकलला न्या. रॅपिडमध्ये त्याची घाई खपून जाते. नागपुरात पहिल्या दिवशी ते वीस मिनिटांत डाव हरून व्हरांड्यात येईल, तेव्हा रागावू नका. पुढच्या फेरीसाठी एकच काम सांगा: चाल सुचली की हात मांडीखाली ठेवायचा, पट पुन्हा बघायचा, मगच सोंगटी उचलायची.